पट्ट्यावरची खाच

चौथा बेल्ट तुटला तेव्हा हैबती ट्रॅक्टरपासून दहा पावलांवर उभा होता आणि माझ्याकडे न बघता तंबाखू मळत होता. तंबाखू मळायला माणसाला किती वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. त्याला त्या दिवशी फारच वेळ लागत होता. मी स्कूटर बांधावर लावून गवतातून चालत आलो, तरी त्याचा अंगठा तळहातावर फिरतच होता.

"कधी तुटला?" मी विचारलं.

"आत्ताच. चढावर घेतला आन् खट्‌ झालं."

मी ट्रॅक्टरखाली हात घालून बेल्ट ओढून काढला. सरळ तुटला होता, केळीचं पान विळ्यानं कापावं तसा. टोकाच्या कडेला एक लहानशी खाच होती. आधीच्या दोन बेल्टांवरही तशीच खाच होती. मी ती नखानं चाचपली आणि मनात म्हटलं, आता सापडलास गड्या.

गोष्ट वीस वर्षांपूर्वीची आहे. नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागांना लागून एक गोल्फ क्लब होता, तिथे मी देखभालीचा सुपरवायझर होतो. माझं नाव अरविंद दातीर. त्याआधी नऊ वर्षं मी एका कारखान्याच्या गेटवर सुटीच्या वेळी कामगारांचे डबे आणि पिशव्या उघडून बघायचं काम केलं होतं. त्या कामाचा एक परिणाम होतो. समोरचा माणूस नमस्कार करायला लागला तरी आपलं लक्ष त्याच्या खिशाकडे जातं. बायको म्हणायची, तुम्ही देवळात गेलात तरी आधी पुजाऱ्याच्या कनवटीकडे बघाल. ती चेष्टेनं म्हणायची, पण मी खरंच बघायचो.

क्लबचं गवत आधी बायका विळ्यानं कापायच्या. बारा जणी होत्या, जवळच्या वस्तीवरच्या. मग क्लबनं मुंबईच्या दुसऱ्या एका क्लबकडून वापरलेला लॉन ट्रॅक्टर आणला. लहान मुलाच्या खेळण्यासारखा दिसायचा, पण काम मोठं करायचा. वर बसून चालवायचं आणि पोटाखालची पाती गवत कापत जायची. बायकांचं काम सुटलं. त्यांच्यातली एक ठकूबाई, आणि ट्रॅक्टर चालवायला ठेवलेला हैबती गांगुर्डे हा तिचा नवरा. म्हणजे बायकोचं काम ज्यानं घेतलं त्याच्यावर नवरा बसलेला. तेव्हाच माझ्या डोक्यात काहीतरी वळवळलं होतं.

या ट्रॅक्टरचा जीव एका रबरी पट्ट्यात असतो. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत तोच नेतो. तो तुटला की इंजिन नुसतं घरघरत राहतं, गाडी जागची हलत नाही. आषाढात पहिला बेल्ट तुटला. पुण्याच्या डीलरकडून नवे यायला आठ दिवस लागले, आणि पावसाळ्यात गवत आठ दिवस थांबत नाही. म्हणून बायकांना परत बोलावलं. बारा जणी रांगेत बसून कापायच्या, हसायच्या, आणि दुपारी हैबती ठकूबाईसाठी कँटीनमधून चहा घेऊन यायचा. बिनकामाचा ड्रायव्हर आणि खुशीत असलेली बायको एकत्र चहा पिताना मी बघितली, आणि माझा संशय तिथे पक्का झाला. बेल्ट तुटला की बायांना काम. इतका सोपा हिशेब मला आधी कसा सुचला नाही, याचंच मला नवल वाटलं.

डीलरनं तीन बेल्ट पाठवले. ते मी माझ्या कपाटात कुलपात ठेवले आणि ठरवलं की बेल्ट आता मीच बसवणार. हैबतीचा हात त्याला लागणार नाही.

पहिल्या नव्या बेल्टच्या वेळी हैबती शेडच्या दारात येऊन उभा राहिला. गावी असताना त्यानं सहा वर्षं पिठाची गिरणी चालवली होती, त्यामुळे पट्ट्यांचं त्याला कळतं असं तो सगळ्यांना सांगायचा.

"साहेब, पट्टा मी बसवू का? हाताला सवय आहे."

"तू हात लावायचा नाही," मी म्हणालो.

बेल्ट नवा होता, ताठ होता, पुलीवर चढता चढत नव्हता. माझ्याकडे वडिलांचा निळ्या मुठीचा एक लांब स्क्रूड्रायव्हर होता, जुन्या बनावटीचा, दणकट. मी तो बेल्टखाली घालून पुलीच्या कडेवरून रेटला आणि बेल्ट टक्‌ करून बसला. घाम आला, पण अभिमानही वाटला. हैबती दारातून बघत होता. त्यानं तोंड उघडलं आणि परत मिटलं. मी तेही मनात टिपून ठेवलं.

तो बेल्ट चार दिवसांत गेला. दुसरा चढवेपर्यंत बायका परत आल्या.

दुसऱ्या वेळी हैबती शेडमध्ये आतपर्यंत आला. त्यानं टोपी काढून हातात धरली होती. "साहेब, या खेपेला मला बसवू द्या. तुम्ही बाजूला उभं राहून बघा. पाहिजे तर माझ्या हाताकडंच बघा."

याला म्हणतात डोळ्यांत धूळ फेकणं. कारखान्याच्या गेटवर जो कामगार स्वतःहून डबा उघडून दाखवायचा, त्याचीच पिशवी मी दोनदा तपासायचो. मी हैबतीला सांगितलं की तुझं काम ट्रॅक्टर चालवायचं आहे, दुरुस्तीचं नाही, आणि पुन्हा ही गोष्ट काढायची नाही. तो गेला. मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि बेल्ट रेटून चढवला.

तो पाच दिवस चालला. टोकाला पुन्हा तशीच खाच. बायका पुन्हा आल्या, या वेळी तीन दिवस, कारण मी मुद्दाम वेळ काढला. मला बघायचं होतं कोण कसं वागतं ते.

त्या तीन दिवसांत मी शेडला दुसरं कुलूप लावलं आणि दोन्ही किल्ल्या स्वतःकडे ठेवल्या. रोज सकाळी ट्रॅक्टरखाली आडवा होऊन बघायचो. आणि एका संध्याकाळी, हैबती घरी निघालेला असताना, मी त्याला गेटवर थांबवलं आणि त्याचा डबा आणि पिशवी उघडायला लावली. ठकूबाई आणि दोन-तीन बायका मागेच होत्या. डब्यात अर्धी भाकरी होती. पिशवीत एक विळा होता.

"हा कशाला?"

"हिचा आहे," हैबती म्हणाला. "धार लावायला नेऊ राहिलो."

त्याचा चेहरा काळवंडला होता. चोर पकडला की चेहरा असाच होतो, असं तेव्हा मला वाटलं. ठकूबाईनं पुढे येऊन विळा माझ्या हातातून घेतला आणि मान वर करून चालायला लागली.

तिसरा बेल्ट मी बसवला तेव्हा हैबती शेडकडे फिरकलासुद्धा नाही. बाहेर आंब्याखाली बसून राहिला. मी मनात म्हटलं, आता याला विचारायचीही गरज वाटत नाही, इतका हा सराईत झाला. आणि सहाव्या दिवशी तो बेल्ट चढावर खट्‌ करून तुटला, आणि हैबती तंबाखू मळत उभा राहिला.

कपाटात आता एकही बेल्ट उरला नव्हता आणि वार्षिक स्पर्धा दहा दिवसांवर आली होती. बाहेरगावचे खेळाडू येणार, आणि भाद्रपदाचं गवत गुडघ्याला लागायच्या बेतात. मी तुटलेले चारही बेल्ट एका दोरीत ओवले आणि सरळ सेक्रेटरींच्या खोलीत गेलो.

सेक्रेटरी म्हणजे कर्नल सरनोबत. निवृत्त, उंच, कमी बोलणारे. मी त्यांना सगळं सांगितलं. बायकांचं काम, नवऱ्याची नोकरी, चहा, विळा, आणि प्रत्येक नव्या बेल्टवरची खाच. खाच दाखवताना मी म्हणालो की इथे सुरीचं टोक घातलं आहे. कर्नलसाहेबांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"दातीर, हा माणूस गेला तर त्याला या वयात कोण ठेवणार?"

मी म्हणालो, ते त्यानं आधी बघायला हवं होतं.

"शनिवारी कमिटीची मीटिंग आहे. तुमचं म्हणणं मी मांडीन. पण बेल्ट कापलेला आहे असं एखाद्या जाणकाराकडून लेखी आणा. नुसत्या संशयावर मी कुणाच्या पोटावर पाय देणार नाही. आणि जाताच आहात तर एक बेल्टही शोधून आणा. पुण्याहून यायची वाट बघत बसलो तर स्पर्धा आटपलेली असेल."

गुरुवारी सकाळी मी नाशिकला गेलो. भद्रकालीच्या एका बोळात तय्यबभाईंचं पट्ट्यांचं दुकान होतं. गिरणीचे, उसाच्या रसाच्या चरकाचे, पाण्याच्या पंपाचे, असे शेकडो पट्टे छतापासून लोंबत होते आणि रबराचा वास नाकात बसत होता. तय्यबभाई साठीचे बोहरी गृहस्थ, डोक्यावर सोनेरी काठाची टोपी. आधी बेल्ट घ्यायचा आणि मग लेखी मागायचं, असं मी ठरवून गेलो होतो.

मी तुटलेला बेल्ट पुढे केला आणि म्हणालो की याच्या लांबीचा द्या.

"तुटलेल्याचं माप घ्यायचं नाही," ते म्हणाले. "चाललेला पट्टा ताणलेला असतो. त्याच्या मापानं घेतलात तर नवा पहिल्या दिवसापासून ढिला." त्यांनी बेल्टची पाठ कापडानं पुसली, पुसट छापलेला नंबर भिंगातून वाचला आणि आत जाऊन दोन बेल्ट आणले. दिसायला दोन्ही सारखेच. एक गिरणीचा होता. तो लांबी-रुंदीनं बसला असता, पण चालला नसता, असं त्यांनी समजावून सांगितलं. गिरणीचा पट्टा एकदा ताणला की सारखा फिरत राहतो. या गाडीत पेडल दाबलं की पट्टा ढिला होतो, सोडलं की घट्ट होतो, आणि एक चाकी त्याच्या पाठीवर दाब देत असते. दिवसातून शंभरदा ढिलं-घट्ट सोसायला आतला धागा वेगळा लागतो. तसा दुसरा बेल्ट त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

मी तो पिशवीत टाकला आणि दोरीतले चारही बेल्ट काउंटरवर ठेवले. म्हणालो, हे कापलेले आहेत, तसं मला लिहून पाहिजे.

त्यांनी एकेक उचलला, उलटा वाकवला, पोटाकडची बाजू उजेडात धरली. पहिल्याच्या पोटाला बारीक बारीक भेगा होत्या. "हा वयानं गेला. कुणी मारला नाही." मग बाकीचे तीन बघितले. त्यांची पोटं नव्यासारखी गुळगुळीत होती.

"ही खाच बघा," मी म्हणालो. "इथे सुरी लावली आहे."

"सुरीनं रबर कापलं जातं. हे दाबलं गेलंय. नीट बघा, कड आत गेलीय." त्यांनी माझं बोट धरून त्या खाचेवर ठेवलं. "इथं आतले दोरे तुटले. वरून पट्टा धडधाकट, आतून मेलेला. चार-पाच दिवस चालणार आणि जोर पडला की खट्‌. चढावर तुटला ना?"

"हो."

"बसवतो कोण?"

"मी."

"कशानं?"

माझ्या खांद्याला पिशवी होती आणि पिशवीत स्क्रूड्रायव्हर होता. तो मी का बाहेर काढला हे मला अजून कळत नाही. नसता काढला तरी चाललं असतं. तय्यबभाईंनी तो घेतला आणि त्याचं टोक खाचेत ठेवलं. ते कुलपात किल्ली बसावी तसं बसलं. त्यांनी दुसरा बेल्ट घेतला, तिसरा घेतला. तिन्ही खाचांत टोक बसलं.

मग मी जे विचारलं ते सांगायची मला अजून लाज वाटते. मी विचारलं, "तुम्ही हैबती गांगुर्डेला ओळखता का?"

"कोण?" तय्यबभाई म्हणाले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यांनी काउंटरखालून कागद आणि पेन काढलं. "लिहून देतो ना. काय लिहू?"

मी म्हणालो, राहू द्या. निघताना त्यांनी मला थांबवून सांगितलं की पट्टा कधी रेटून चढवायचा नाही. पेडल दाबून अडकवून ठेवलं की ती आतली चाकी मागे सरते आणि पट्टा हातानं बसतो, लहान मूलही बसवेल.

बसमध्ये मी पूर्ण रस्ता पिशवी मांडीवर घेऊन बसलो. ज्यानं बेल्ट मारले तो माणूस सापडला होता आणि त्याचा डबा कुणी उघडायला लावला नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी, उजेड असतानाच, मी वस्तीवर हैबतीच्या घरी गेलो. तो अंगणात खाटेवर बसला होता. मला बघून उठला. ठकूबाई आत गेली आणि चहा घेऊन आली, पण कप माझ्या हातात न देता खाटेच्या कडेला ठेवला. मी जे झालं ते सांगितलं. दुकान, खाच, स्क्रूड्रायव्हर, सगळं. "चूक माझी होती हैबतीराव. तुमच्यावर मी आळ घेतला," असं म्हणालो. त्याला मी पहिल्यांदाच अहो-जाहो करत होतो आणि ते आम्हा दोघांनाही अवघड होत होतं.

हैबती खाली बघत होता. "मला पहिल्याच पट्ट्याला दिसलं होतं," तो म्हणाला.

माझं डोकं परत फिरलं. जित्याची खोड म्हणतात ती हीच. "दिसलं होतं? मग बोलला का नाहीस?"

"हे दोनदा बोलले की," ठकूबाई दारातून म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पहिल्यांदा विचारलं, मी बसवू का. तुम्ही काय म्हनले? हात लावू नको. दुसऱ्यांदा मीच यांना पाठवलं, टोपी काढून सांगा म्हनले, मोठे लोक टोपी काढली की ऐकत्यात. तुम्ही काय म्हनले?"

मला आठवत होतं मी काय म्हणालो ते. त्याच्या हातातली टोपीही आठवत होती, आणि ती बघून मी मनात काय टिपलं तेही.

"असू दे गं," हैबती म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "पण तिसऱ्या वेळेला मी विचारलं नाही साहेब. तेवढं माझं."

"तुमचा डबा मी उघडला होता, म्हणून."

"तेही होतं. पण नुसतं ते नव्हतं." त्यानं ठकूबाईकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. "पट्टा तुटला की हिला काम लागायचं. बाकी अकरा जणींना लागायचं. मला ठाऊक होतं, तुम्ही रेटून चढवू राहिले, हा बी आठवड्यात जाणार. मी म्हटलं, तुटू राहिलाय तर तुटू दे. आंब्याखाली बसून राहिलो."

ठकूबाई दारातून पुढे आली. हे तिला माहीत नव्हतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. "आन् मी गेटवर मान वर करून गेले त्या दिवशी," ती नवऱ्याला म्हणाली. "आपलं काही लपवायचं नाही म्हणून." ती आत निघून गेली. आतून भांड्यांचा आवाज आला.

"उद्या मीटिंगमधी हे पन सांगा," हैबती म्हणाला. "खोटं नको."

मी घरी परतलो तो वेगळाच होऊन. वाईट वाटत होतं हे खरं आहे. पण नऊ वर्षं गेटवर काढलेला माणूस असा सहजासहजी मरत नाही. चालता चालता माझ्या लक्षात आलं की आता माझ्याकडे खरोखरचा पुरावा आहे. गुन्हेगारानं स्वतःच्या तोंडानं दिलेला. मशीन मोडणार हे माहीत असून ड्रायव्हर गप्प बसला, इतकं एक वाक्य कमिटीपुढे ठेवलं की माझ्या स्क्रूड्रायव्हरकडे कुणाचं लक्षही गेलं नसतं. आणि त्या वाक्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. त्यानं स्वतःच सांगायला सांगितलं होतं. रात्री जेवताना बायकोनं विचारलं, काय झालंय? मी म्हणालो, काही नाही.

शनिवारी अकरा वाजता मीटिंग होती. कमिटीचे सात जण आणि कर्नलसाहेब. त्यांनी विचारलं, लेखी आणलंत? मी चार बेल्ट आणि स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवले आणि टोक खाचेत बसवून दाखवलं. पहिला बेल्ट वयानं गेला, बाकीचे तीन मी मारले, असं सांगितलं. एक सभासद मोठ्यानं हसला. कर्नलसाहेब हसले नाहीत.

"त्या ड्रायव्हरला हे कळत होतं का?" त्यांनी विचारलं.

इथे ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. खोलीत पंखा फिरत होता आणि सगळे माझ्याकडे बघत होते. आयुष्यात मी इतरांच्या पिशव्यांतून पुष्कळ काही बाहेर काढलं होतं. हे एक मी आतच राहू दिलं.

"त्यानं मला दोनदा सांगायचा प्रयत्न केला होता," मी म्हणालो. "मी ऐकलं नाही."

"मग तिसऱ्यांदा का नाही सांगितलं?"

"तोवर मी सगळ्यांसमोर त्याचा डबा उघडायला लावला होता, साहेब. त्यानंतर मला कोण काय सांगणार?"

कर्नलसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हैबतीची नोकरी राहिली. माझ्या फायलीत ठपका लागला आणि मी निवृत्त होईपर्यंत तो तिथेच होता. त्याचं मला वाईट वाटलं नाही. माझ्या फायलीत खरी म्हणावी अशी तेवढी एकच नोंद होती.

सोमवारी सकाळी मी नवा बेल्ट घेऊन शेडमध्ये गेलो. हैबती आधीच आला होता. मी बेल्ट त्याच्यापुढे धरला. त्यानं तो घेतला, हातानं चाचपला, पाठ-पोट बघितलं, आणि मला परत दिला.

"तुम्ही बसवा. मी सांगतो."

मला वाटलं तो चेष्टा करतोय. तो करत नव्हता. त्यानं मला पेडल दाबून खटका अडकवायला लावला, मग ट्रॅक्टरच्या दुसऱ्या बाजूनं हात घालून ती आतली चाकी मागे सरलेली दाखवली. मी बेल्ट पुलीवर ठेवला आणि बोटांनी लोटला. तो जागेवर जाऊन बसला. जोर लागला नाही, आवाज झाला नाही. दोन मिनिटंसुद्धा गेली नसतील. तीन बेल्ट, दीड महिना आणि एका माणसाची अब्रू, आणि काम एवढंसं होतं.

"मीटिंगमधी सांगितलं का माझं?" हैबतीनं विचारलं.

"नाही."

मला वाटलं आभार मानेल, किंवा रागावेल. तो ट्रॅक्टरवर चढला, किल्ली फिरवली आणि इंजिनाच्या आवाजात म्हणाला, "हिला सांगतो. ती तीन दिवस झाले बोलू नाही राहिली."

स्पर्धा चांगली पार पडली. गवत बघून बाहेरगावच्या लोकांनी कर्नलसाहेबांचं कौतुक केलं. हैबतीनं त्या बेल्टला जीव लावला. दर सोमवारी पुलीतलं गवत काढायचा, शेडला आता एकच कुलूप होतं आणि त्याची किल्ली त्याच्याकडे होती. मी कधी मागितली नाही.

तो बेल्ट दोन पावसाळे चालला. त्या दोन पावसाळ्यांत बायकांना एकदाही बोलवावं लागलं नाही. ठकूबाई शेजारच्या द्राक्षबागेत जायला लागली. सकाळी क्लबच्या गेटवरून जाताना तिला ट्रॅक्टरचा आवाज यायचा, तेव्हा ती क्षणभर थांबायची, ऐकायची, आणि मग पुढे जायची.